फेथिये (तुर्की): आईबाबा, मुलगा आणि सात-आठ दिवस. काय पाहावं, काय करावं?

मृण्मयी_के

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी तुर्कीला जातोय. पुण्याहून आम्ही दोघं, अकरा वर्षांचा मुलगा आणि माझे आईबाबा. इंग्लंडहून भाऊ-वहिनी येणार. इस्तंबूलचं ठरलंय, त्यावरचे इथले जुने धागे वाचून काढलेत. प्रश्न पुढच्या आठवड्याचा आहे. भावाला इंग्लंडहून फेथियेजवळच्या दालामान विमानतळावर थेट विमान मिळतं, म्हणून सगळ्यांनी फेथियेला भेटायचं असं घाटतंय.

नेटवर फेथिये शोधलं की तेच दोन-तीन फोटो येतात: निळं पाणी, वरून उडणारी माणसं, लाकडी बोट. एवढ्यावर आठवडा काढायचा का, हे कळत नाही.

माणसं कशी आहेत ते सांगते, म्हणजे सुचवायला सोपं जाईल. बाबा सत्तरी ओलांडलेले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. जुनं बांधकाम दिसलं की तिथून हलत नाहीत. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. गुडघे दुखतात, पण समुद्र जीव की प्राण. मुलाला उडायचंय. नवऱ्याला मासे खायचेत. आणि मला एक दिवस असा हवाय की ज्या दिवशी कोणी काहीही ठरवलेलं नसेल.

मुक्काम कुठे करावा? काय चुकवू नये, काय वगळलं तरी चालेल? व्हिसाचंही सांगा. आम्हा तिघांकडे यूकेचा चालू व्हिसा आहे, आईबाबांकडे नाही.

टेम्सकाठी

व्हिसाचं आधी. भारतीय पासपोर्टवर यूके, अमेरिका, शेंगेन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा असेल तर तुर्कीचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, एका प्रवेशाचा, महिनाभराचा. तो सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. सर्चमध्ये वर येणाऱ्या बऱ्याच साइट मधल्या दलालांच्या असतात आणि जास्तीचे पैसे घेतात. आईबाबांना मात्र अर्ज केंद्रातून स्टिकर व्हिसा काढावा लागेल. त्याला वेळ लागतो, आजच कामाला लागा.

मुक्कामासाठी मी फेथियेजवळचं किनाऱ्यावरचं ओल्युदेनिझ सुचवेन. आम्ही मुलं लहान असल्यापासून जातोय. सकाळी उठून दहा पावलांवर समुद्र असावा असं वाटत असेल तर तेच बरं. तिथला मोठा किनारा बेलजेकिझचा, गोट्यांचा आहे आणि पाणी लगेच खोल होतं. पण त्याला लागूनच राखीव निसर्ग उद्यानात ते प्रसिद्ध लगून, म्हणजे समुद्रापासून जवळजवळ तुटलेलं शांत पाणी, आहे. तिकीट काढून आत जायचं. पाणी उथळ, लाट जवळजवळ नाही, मोटरबोटींना बंदी. काकूंना कंबरभर पाण्यात निवांत उभं राहता येईल. सगळ्यांसाठी रबरी बूट मात्र घ्याच, गोटे तापतात आणि टोचतात.

सागरगोटा

टेम्सकाठी यांचा अनुभव मोठा आहे, तरी मुक्कामाबाबत माझं मत नेमकं उलट. मृण्मयीताई, फेथिये गावातच राहा. ओल्युदेनिझ हे सुट्टीसाठी वसवलेलं ठिकाण आहे. जेवण, दुकानं, भाव सगळं पर्यटकांच्या हिशेबाने. वाटेतलं हिसारोन्यू तर ब्रिटिश पर्यटकांसाठीच उभं राहिलंय. फेथिये हे नांदतं गाव आहे. इथे शाळा सुटते, बाजार भरतो, म्हातारी माणसं बंदरावरच्या बाकावर बसून चहा पितात. सात जणांच्या सात आवडी असतील तर गावच हवं. ओल्युदेनिझ १३-१४ किलोमीटरवर आहे, दोलमुश म्हणजे शेअर मिनीबस दिवसभर जात-येत असतात, अर्ध्या-पाऊण तासात पोचवतात.

आता बाबांसाठी. हे गाव म्हणजे प्राचीन तेल्मेसॉस, लिशिया नावाच्या प्रदेशातलं शहर. नंतर मक्री, मेग्री अशी नावं झाली. १९१४ साली विमान कोसळून मरण पावलेला उस्मानी वैमानिक फेथी बे याचं नाव १९३४ मध्ये गावाला दिलं गेलं. बंदराजवळ त्याचा पुतळा आहे. १९५७ च्या भूकंपात गाव जवळपास जमीनदोस्त झालं, म्हणून घरं सगळी अलीकडची दिसतात. पण लिशियन लोकांच्या दगडी शवपेट्या तेवढ्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. वरून होडी उलटी घातल्यासारखं टोकदार झाकण असलेल्या, माणसापेक्षा उंच पेट्या. एक नगरपालिकेजवळ आहे, झाकणावर लढाईची चित्रं कोरलेली. एक तर भर रस्त्यात आहे आणि गाड्या तिला वळसा घालून जातात.

गावामागच्या कड्यात अमिंतासचं थडगं आहे, इसवी सनपूर्व चौथ्या शतकातलं. अखंड कातळात कोरलेलं देवळाचं दर्शनी रूप, दोन खांब, वर त्रिकोणी माथा. डावीकडच्या बाजूला ग्रीक अक्षरांत कोरलंय: हर्मागिओसचा मुलगा अमिंतास. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाला कोरणाऱ्याची पद्धत लगेच ओळखू येईल, वरून खाली दगड काढत आणलाय. दाराच्या फळ्यांवरचे खिळेसुद्धा दगडात दाखवलेत, कारण हे लोक आधी लाकडात घरं बांधायचे आणि तीच घरं मेल्यानंतरसाठी दगडात उतरवायचे. तिथे पायऱ्या बऱ्याच आहेत. आईंनी खाली चहा घेत थांबावं. संध्याकाळचं ऊन थेट कड्यावर येतं, त्या वेळी जा.

ताकभात

वाचतेय. आमचाही पुढच्या वर्षी बेत आहे. शाकाहाराचं कोणीतरी नीट लिहा, माझ्या सासूबाई कांदा-लसूण खातात पण मांसाच्या रश्शातला भातही चालत नाही.

अंजिराची_फोड

ताकभात आणि मृण्मयी, मी पूर्ण शाकाहारी आहे आणि एजियन-भूमध्य किनाऱ्यावर जेवढी सुखात राहिले तेवढी युरोपात कुठेच नाही. तिथे ऑलिव्ह तेलात शिजवून थंड वाढलेल्या भाज्यांचा वेगळा प्रकारच आहे, 'झेयतिन्यालि' म्हणतात. फरसबी, आर्टिचोक, वांगी, भात भरलेली द्राक्षाची पानं. शिवाय दह्याचं हायदारी, भाजलेल्या वांग्याचं पात्लिजान सालातासि, आणि तिखट हवं असेल तर टोमॅटो-मिरचीचं अजिली एझ्मे. हे सगळं मेझे, म्हणजे जेवणाआधीचे छोटे पदार्थ, म्हणून ताटात मांडून दाखवतात, बोट दाखवून निवडायचं.

मसूरडाळीचं सूप सगळीकडे मिळतं, पण ते कधी कधी मांसाच्या पाण्यात करतात. 'एत सुयू वार मी?' म्हणजे मांसाचं पाणी आहे का, एवढं वाक्य पाठ करा. तसंच भाताला आणि पांढऱ्या बीन्सच्या भाजीला विचारून घ्या. 'चिग क्योफ्ते' नाव ऐकून घाबरू नका. दुकानांत मिळतं ते दलियाचं, तिखट, लेट्यूसच्या पानात गुंडाळून देतात, त्यात मांस नसतं.

आणि ग्योझलेमे! मंगळवारी फेथियेचा आठवडी बाजार भरतो, कालव्याच्या काठाने. तिथे बायका बुटक्या गोल पाटाशी बसतात. काठीएवढ्या बारीक लाटण्याने पोळी इतकी पातळ करतात की खालचा पाट दिसतो. मग पालक, पांढरं चीज, अजमोद्यासारखा पाला पसरून घडी घालतात आणि उपड्या लोखंडी तव्यावर टाकतात. खापरावरच्या मांड्यांची आठवण होतेच. भाजताना लोणी लावतात. पिठात अंडं नसतं सहसा, तरी 'युमुर्ता?' विचारा. सोबत ताक, मीठ घातलेलं, फेसाळ. आम्ही मंगळवारी सकाळी न्याहारी न करताच बाजारात जायचो.

त्याच बाजारात अंजीर, डाळिंबं, ऑलिव्हचे पंधरा-वीस प्रकार, सुकवलेल्या वांग्यांच्या आणि मिरच्यांच्या माळा. दुपारपर्यंत फिरा, नंतर गर्दी आणि ऊन दोन्ही वाढतात.

नाखवा_रत्नागिरी

माशांचं मी सांगतो. फेथियेचा मासळी बाजार गावाच्या मध्यावर आहे. मधोमध मासळीचे कट्टे आणि चहूबाजूंनी हॉटेलं, टेबलं लावलेली. कट्ट्यावर मासा निवडायचा, तोलून घ्यायचा, तिथेच पैसे द्यायचे. मग तो कुठल्याही हॉटेलात न्यायचा, ते माणशी ठरावीक पैसे घेऊन भाजून देतात, वर सॅलड आणि पाव. मला ही पद्धत फार आवडली. डोळ्यांदेखत मासा, मध्ये लपवाछपवी नाही.

पोरी-दादांनो, मासा बघायची रीत तीच. डोळा उठावदार आणि चकचकीत, कल्ले लालबुंद, बोटाने दाबलं की खड्डा राहता कामा नये. चिपुरा आणि लेव्रेक सगळीकडे दिसतील, ते बहुतेक पिंजऱ्यात वाढवलेले. समुद्रातले हवे असतील तर 'देनिझ' म्हणून विचारा, महाग पडतील पण मांस घट्ट असतं. कोळंबी, माकूल, ऑक्टोपसही असतात. भाव पाटीवर किलोचा लिहिलेला असतो, तरी तोलल्यावर आकडा बघूनच हो म्हणा. हॉटेलचा भाजून द्यायचा दरही आधीच ठरवा: माणशी किती, त्यात काय काय येतं.

भाजणं साधंच. ऑलिव्ह तेल, मीठ, लिंबू. मसाला नाही. आपल्याकडचा सांगडीवरचा बांगडा डोक्यात ठेवून जाऊ नका, त्या माशाची गोडी वेगळी आहे, ती तशीच घ्या.

थर्मल

मुलाच्या उडण्याबद्दल. मी कामशेतला पॅराग्लायडिंग शिकलो आणि बाबादाला टँडम, म्हणजे पायलटसोबत एकाच पंखाखाली उडणं, तेही केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बाबादा हा ओल्युदेनिझच्या डोक्यावरचा डोंगर, जवळपास २००० मीटर उंच. पाण्याच्या इतक्या लगत एवढी उंची असलेल्या जागा जगात मोजक्या आहेत. म्हणून हवेत वेळ भरपूर मिळतो, साधारण अर्धा तास किंवा त्याहून थोडा जास्त. उड्डाणाच्या जागा १७००, १८०० आणि १९०० मीटरवर आहेत, वारा बघून ठरवतात. उतरायचं थेट बेलजेकिझच्या किनाऱ्यावर.

लहान मुलांना नेतात, पालकांची सही आणि वजनाची अट असते, ती प्रत्येक कंपनीची वेगळी. सकाळची पहिली वेळ घ्या. दुपारी डोंगर तापला की उष्ण हवेचे झोत वर येतात, पंख हिसके खातो, मुलाला मळमळेल. पायलटचा टँडम परवाना बघायला मागा, चांगला पायलट तो आनंदाने दाखवतो. धावताना 'पळ' म्हटलं की थांबायचं नाही आणि खाली बसायचं नाही, एवढं मुलाला घरूनच सांगून न्या. पाय जमिनीवरून सुटले तरी चार पावलं हवेत पळत राहायचं. गिरक्या मारून दाखवायची पायलटांना हौस असते. नको असेल तर वरच सांगा.

आणि वारा बरोबर नाही म्हणून उड्डाण रद्द झालं तर हुज्जत घालू नका. म्हणूनच उडायचा दिवस सुरुवातीला ठेवा, म्हणजे पुढे ढकलायला जागा राहते.

मृण्मयी_के

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आईला ग्योझलेमेचं वाचून दाखवलं, तिने मंगळवार राखून ठेवलाय. @थर्मल, आईबाबा वर येऊ शकतील का? मुलगा उडी मारताना आजोबांना तिथे असायचंय.

थर्मल

हो, नक्की. रोपवे २०२१ मध्ये सुरू झाला, डोंगराच्या पायथ्याशी ओवाजिकजवळून थेट १७०० मीटरपर्यंत. तिथे बसायला, खायला जागा आहे, त्याच्याही वर खुर्च्यांच्या रोपवेने जाता येतं. वर जोरदार वारा आणि चांगला गारवा असतो, किनाऱ्यावर घाम येत असला तरी काकूंसाठी शाल आणि सगळ्यांना जॅकेट न्या. एका बाजूला लगून खाली नकाशासारखं दिसतं. वाऱ्यामुळे रोपवेही कधी बंद ठेवतात, निघायच्या आधी फोन करून विचारा.

शरयू_पी

एक जागा अजून कोणी लिहिली नाही म्हणून मुद्दाम लॉगिन केलं. कायाक्योय. फेथियेपासून आठेक किलोमीटरवर, डोंगरामागच्या सपाट खोऱ्यात. एका अख्ख्या उतारावर शेकडो दगडी घरं उभी आहेत आणि एकाही घरात माणूस नाही.

हे लेविस्सी नावाचं ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचं गाव होतं. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या लढायांत इथली माणसं हाकलली, विखुरली गेली. उरल्यासुरल्यांना १९२३ च्या कराराने जावं लागलं. जानेवारी १९२३ मध्ये लोझान इथे ग्रीस आणि तुर्की यांनी लोकसंख्येची अदलाबदल ठरवली. निकष धर्माचा, भाषेचा किंवा जन्मगावाचा नाही. अनातोलियातले सुमारे बारा लाख ख्रिश्चन ग्रीसला आणि ग्रीसमधले साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कीला. पुष्कळांना नव्या देशाची भाषाही येत नव्हती. इथल्या काहींनी अथेन्सजवळ नवं गाव वसवलं आणि त्याला शेजारच्या मक्रीचं, म्हणजे आजच्या फेथियेचं नाव दिलं, नेआ मक्री, नवी मक्री. ग्रीसहून आलेल्या मुसलमान कुटुंबांना या डोंगर-उतारावर शेती जमेना, ती दुसरीकडे गेली. पुढे भूकंपाने छपरं, भिंती पाडल्या आणि गाव तसंच राहिलं.

घाईने बघू नका. प्रत्येक घर अशा बेताने बांधलंय की पुढच्या घरामुळे मागच्याचा उजेड अडू नये. घराघरात पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या आहेत, मृण्मयी, बाबांना त्या नक्की दाखव. चुलीचे कोनाडे, भिंतीवर उरलेला निळा चुना, खालच्या चर्चच्या अंगणातली काळ्या-पांढऱ्या खड्यांची नक्षी. अंजिराची झाडं खोल्यांच्या मधून उगवलीत. आईंसाठी खालच्या चर्चपर्यंतचा रस्ता सोपा आहे, वरचं चर्च आणि टेकडीवरचं छोटं देऊळवजा चॅपेल चढणीचं.

उल्हासनगरची_सून

शरयू, तुझं वाचून थांबले. माझे सासरे सिंधहून १९४७ ला आले, कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वाढले, तीच छावणी पुढे उल्हासनगर झाली. त्यांना मी कायाक्योयचे फोटो दाखवले होते. त्यांनी एकच विचारलं, विहिरीला अजून पाणी आहे का. मी तिथे जाणार आहे ती त्यांच्यासाठी.

गडवाट

कायाक्योयहून ओल्युदेनिझला चालत जाता येतं, हे नक्की करा, निदान तुम्ही दोघं आणि भाऊ-वहिनी. अडीच-तीन तास, पाइनच्या जंगलातून चढ, मग एकदम कड्यावर आलात की खाली समुद्र आणि लगून. खुणा दगडांवर रंगवलेल्या असतात, त्या बघत चालायचं. उतरताना बारीक दगडांवरून पाय घसरतो, चपला नकोत.

याच भागातून लिशियन वे ही लांब पल्ल्याची पायवाट सुरू होते. केट क्लो नावाच्या ब्रिटिश बाईंनी तुर्कीत राहून जुन्या पायवाटा, खेचरांचे रस्ते, रोमन रस्ते शोधून जोडले आणि १९९९ मध्ये ही वाट खुली झाली. ओवाजिकपासून अंतालियाच्या दिशेने ५०० किलोमीटरहून लांब. लाल-पांढऱ्या पट्ट्या दिसल्या की बरोबर, लाल फुली दिसली की वाट चुकली. सगळी करायची गरज नाही. ओवाजिक ते फराल्या गाव हा एका दिवसाचा टप्पा घेतलात तरी बाबादाच्या कुशीतून समुद्राकडे तोंड करून चालायला मिळतं.

फराल्याच्या खाली फुलपाखरांची दरी आहे, केलेबेक्लेर वादिसी. वरून दिसते, मोहात पडून खाली उतरू नका. दोर धरून उतरायचा कडा आहे तो, तिथे अपघात होऊन माणसं मेली आहेत. ओल्युदेनिझहून बोटीने जा, तासाभराचाही रस्ता नाही. फुलपाखरं उन्हाळ्यात असतात, सप्टेंबरअखेर फार अपेक्षा ठेवू नका, पण दरी आणि किनारा सुंदर आहे.

टेम्सकाठी

बोटीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. फेथिये बंदरातून 'बारा बेटं' म्हणून दिवसभराच्या बोटी निघतात. सकाळी साडेदहाच्या सुमारास सुटतात, संध्याकाळी परत, दुपारचं जेवण त्यातच. चार-पाच ठिकाणी थांबतात आणि बोटीवरूनच पाण्यात उतरायचं. एका खाडीत जुनं स्नानगृह अर्धं बुडालेलं आहे, भिंतींच्या मधून पोहता येतं. काकूंना शिडीवरून पाण्यात उतरणं कितपत जमेल ते बघा, पण वरच्या डेकवर सावलीत गादीवर बसून समुद्र बघणं त्यांना आवडेल.

बोट आदल्या संध्याकाळी बंदरावर जाऊन स्वतः बघून ठरवा. आम्ही एकदा हॉटेलमार्फत घेतली, दिवसभर कानठळ्या बसवणारं संगीत आणि फेस उडवणं चाललं होतं, सासऱ्यांचं डोकं भणभणलं. लहान बोट, कमी माणसं, संगीत नाही, असं विचारलं की मिळते. शाकाहारी जेवणही तेव्हाच सांगून ठेवा.

सागरगोटा

बाबांचे दोन दिवस मी मांडून देतो, गाडी भाड्याने घ्या. इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा, रस्ते उत्तम आहेत, उजवीकडून चालवायचं आहे एवढं भान ठेवा. गाडी ताब्यात घेताना चहूबाजूंनी व्हिडिओ काढा.

पहिला दिवस त्लोस हे प्राचीन शहर आणि साक्लिकेंत. त्लोसला एकाच टेकडीवर लिशियन थडगी, रोमन क्रीडांगण, नाट्यगृह आणि माथ्यावर उस्मानी काळातला किल्ला, सगळं थरावर थर. एका थडग्यावर पंख असलेल्या घोड्यावर बसलेला ग्रीक कथांमधला वीर बेलेरोफोन कोरलाय. साक्लिकेंत ही घळ, सुमारे १८ किलोमीटर लांब, काही ठिकाणी ३०० मीटर खोल. सुरुवातीला कड्याला अडकवलेला लाकडी पूल आहे, तिथवर आई आरामात येतील. पुढे बर्फाच्या पाण्यातून ओलांडून जायचं असतं. वसंतात पाणी इतकं असतं की आत सोडत नाहीत, सप्टेंबरअखेर मात्र पाणी उतरलेलं असतं, मुलाला घेऊन आत जा.

दुसरा दिवस लेतून, झांथोस आणि पातारा या लिशियन लोकांच्या प्राचीन जागा. झांथोस आणि लेतून मिळून १९८८ पासून जागतिक वारसास्थळ आहेत. लेतूनला लेतो, अपोलो, आर्टेमिस या ग्रीक देवतांची तीन देवळं शेजारी शेजारी आहेत आणि जमिनीतलं पाणी वर आल्याने पाया पाण्यात. बेडूक, कासवं पोहत असतात. इथेच १९७३ मध्ये लिशियन, ग्रीक आणि अरमाईक अशा तीन भाषांतला एक शिलालेख सापडला, लिशियन भाषा उलगडायला त्याची मोठी मदत झाली. तो दगड फेथियेच्या संग्रहालयात आहे. संग्रहालय छोटं, तासाभराचं. आधी तो बघा, मग लेतूनला जा.

झांथोसच्या लोकांची गोष्ट ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहिली आहे. इसवी सनपूर्व सहाव्या शतकात इराणी सेनापती हार्पागस चालून आला, हरणार हे दिसताच त्यांनी बायकामुलं, गुलाम, चीजवस्तू किल्ल्यात कोंडून आग लावली आणि पुरुष लढत मेले. आपल्याकडे जोहार वाचलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पुढे इसवी सनपूर्व ४२ मध्ये ब्रूटसच्या रोमन फौजेसमोर पुन्हा तेच घडलं.

पाताराला लिशियन संघाचं, म्हणजे लिशियातल्या शहरांच्या एकीचं सभागृह आहे, दगडी अर्धवर्तुळाकार, नीट डागडुजी केलेलं. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो, संघात २३ शहरं होती, मोठ्यांना तीन मतं, मधल्यांना दोन, बाकीच्यांना एक. अठराव्या शतकात फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने या पद्धतीची स्तुती केली आणि अमेरिकेची राज्यघटना घडवणाऱ्यांच्या लिखाणातही तिचा उल्लेख आला. त्या पायऱ्यांवर बसून आजोबांनी नातवाला हे सांगावं, असं मला फार वाटतं.

टेम्सकाठी

झांथोसवर पुरवणी. तिथलं सर्वांत देखणं काम तिथे नाही. चार्ल्स फेलोज या इंग्रज संशोधकाने १८४० च्या दशकात ते जहाजांत भरून इंग्लंडला नेलं. नेरिड स्मारक, देवळाच्या आकाराचं थडगं, आज ब्रिटिश म्युझियममध्ये एका पूर्ण दालनात उभं आहे. हार्पी थडग्यावरची मूळ शिल्पंही तिकडेच, झांथोसला खांबावर साचे बसवलेत. मृण्मयी, तुझ्या भावाला निघायच्या आधी एकदा ते दालन बघून यायला सांग. मी झांथोसला गेल्यानंतर पुन्हा त्या दालनात गेलो तेव्हा मला तिथे उभं राहवेना.

कालवा

मृण्मयीताई, मीही जलसंपदा खात्यातला. बाबांसाठी देलिक्केमेर लिहून ठेवा, प्रवासी यादीत सहसा नसतं. पातारा शहराला डोंगरातून पाणी आणणारी रोमन योजना आहे. मध्ये एक खिंड येते. तिथे त्यांनी उंच पूल बांधून कालवा नेला नाही, दाबाने पाणी खाली उतरवून पलीकडे पुन्हा चढवलं. खिंडीत जाड दगडी भिंत, आणि तिच्या माथ्यावर एकामागे एक लावलेले दगडी ठोकळे, प्रत्येकाच्या मधून आरपार गोल भोक. एका ठोकळ्याच्या भोकाभोवती पुढे आलेली कड, पुढच्याला तेवढीच खाच. कड खाचेत बसवून सांधा लिंपलेला. म्हणजे आपण आज पाइपाला सॉकेट करतो तेच, पण दगडात. काही ठोकळे खाली पडलेत, त्यामुळे सांधा आतून बघता येतो. मी बोट फिरवून पाहिलं, आतला गोल घोटून गुळगुळीत केलाय आणि त्यावर पाण्यातल्या चुन्याचा थर अजून आहे.

कालकान गाव आणि पातारा यांच्या मधल्या डोंगरात आहे. मुख्य रस्ता सोडून कच्च्या रस्त्याने गाडी जवळ जाते, मग थोडं चालणं. टोपी, पाणी न्या, सावली नाही.

नाखवा_रत्नागिरी

पाताराचा किनारा विसरू नका. जवळपास १८ किलोमीटर वाळू आणि मागे टेकड्या, हॉटेल एकही नाही. कासवं अंडी घालतात म्हणून बांधकामाला बंदी आहे. लॉगरहेड जातीची, मे ते ऑगस्ट अंडी, पिल्लं सप्टेंबरपर्यंत निघतात. हंगामात रात्री किनारा बंद असतो. आमच्या वेळासला ऑलिव्ह रिडलेची घरटी जपतात, तिथे मी काम केलंय, म्हणून हात जोडून सांगतो: घरट्यांवर पिंजरे ठेवलेले दिसतील, त्यांच्या जवळ छत्री रोवू नका, मोठे खड्डे खणून ठेवू नका, आणि सूर्यास्तानंतर टॉर्च घेऊन हिंडू नका. पिल्लं उजेडाकडे वळतात.

मृण्मयी_के

सगळं छापून काढलं. बाबा देलिक्केमेरचं तीनदा वाचून झालेत, आता नकाशा मागतायत. मुक्काम फेथियेतच ठरला. इस्तंबूलहून दालामानचं विमान घेतोय. उडणं दुसऱ्या दिवशी, मंगळवारी बाजार, गाडीचे दोन दिवस सागरगोटा यांनी सांगितले तसे. कायाक्योयला अर्धा दिवस ठेवला होता, शरयूचं वाचून पूर्ण केला. आता माझा तो काहीच न ठरवलेला दिवस. तिथे काय करू?

टेम्सकाठी

इस्तंबूलला दोन विमानतळ आहेत, एक युरोपच्या बाजूला आणि साबिहा ग्योकचेन आशियाच्या. तुमचं मुंबईचं विमान आणि दालामानचं विमान कुठल्या विमानतळावरचं, ते तिकिटावर तपासा. एकातून दुसऱ्यात जायला गर्दीच्या वेळी दोन तासही लागतात.

अंजिराची_फोड

त्या दिवसासाठी एवढंच. उशिरा उठ, बंदराजवळ तुर्की न्याहारी मागव. पांढरं चीज, ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो, मध आणि साय, पाव, आणि संपेल तसा चहा. दुपारी जुन्या बाजारात, पासपातुरमध्ये, वेलींच्या सावलीत भटक. वाटलं तर हमाम, तुर्की स्नानगृह. संध्याकाळी बंदरावरून चालिशला जाणारी छोटी बोट धर, हंगामात चालू असते. चालिशचा किनारा गोट्यांचा आणि दुपारनंतर वारा भरपूर, पोहायला नाही, पण तो अगदी पश्चिमेला तोंड करून आहे आणि काठाने सपाट फरसबंद रस्ता आहे, आईंच्या गुडघ्यांना त्रास नाही. परतीची शेवटची बोट किती वाजता ते उतरतानाच विचारून घे. चुकली तरी मागच्या रस्त्यावरून फेथियेचे दोलमुश रात्री उशिरापर्यंत असतात.